चाळीस पावलं

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार मनापासून आहे. विनंती मात्र कसलीच नाही, सरळ भांडायला बसलो आहे. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेव आणि वाच.

तुझं पार्सल मिळालं. मिळालं नसतं, वाटेत कुठे पडलं असतं, तर फार बरं झालं असतं.

फोन करत नाही, कारण रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला फोन अप्पा उचलतात. तुझ्या फोनवर बोलायला लागलो की मागून भावोजी सल्ले द्यायला लागतात. कागदावर निदान मला कोणी मध्येच तोडत नाही. शुद्धलेखनाच्या चुका काढू नकोस. तीनदा दहावीला बसून जे आलं नाही ते आता काय येणार.

झालं असं. दातांचे एक डॉक्टर आहेत, त्यांची खेळण्यातली गाडी गेले चार महिने आमच्या वर्कशॉपात माझ्या टेबलावर होती. रिमोटची, हातभर लांब, लाल बॉडी आणि मागे पांढरा पंख. ते दहा वर्षांचे असताना त्यांच्या आईनं घेऊन दिलेली. आली तेव्हा ती गाडी नव्हती, बुटांच्या खोक्यातलं भंगार होतं. एकेक स्क्रू मी रॉकेलमध्ये भिजवून मोकळा केला. बॉडीला रंगाचे सात हात दिले आणि प्रत्येक हातानंतर पाण्याच्या पॉलिश पेपरनं घासली. मालकांनी एकाही हाताला नाव ठेवलं नाही. आमचे मालक स्वतःच्या सहीलाही नाव ठेवतात, यावरून काय ते समज.

डॉक्टरांचा एकच हट्ट होता, रेडिओसुद्धा तेव्हाचाच हवा. हल्लीचा बसवला तर गाडी पळेल, पण ती त्यांची गाडी राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे हातात धरायचा तो पत्र्याचा मोठा ट्रान्समीटर, दोन दांड्यांचा, लांबलचक अँटेनाचा, आणि गाडीच्या पोटात त्याच्याच जोडीचा रिसीव्हर. मालकांनी सगळीकडे शोधलं. ट्रान्समीटर मिळायचा तर रिसीव्हर नाही. रिसीव्हर मिळाला तर दुसऱ्याच कंपनीचा, वायरींचा क्रम उलटा, जोडला की धूर. शेवटी मीच सगळ्यांसमोर छाती फुगवून म्हणालो की आमच्या अप्पांच्या कपाटात अशी जोडी आहे आणि अजून चालते. म्हणून तुला लिहिलं.

टेबलावर लावून पाहिली, चाकं डावी-उजवी झाली, मोटर फिरली, सगळं झकास. रविवारी डॉक्टर आईला घेऊन आले. वर्कशॉपच्या मागच्या अंगणात म्हातारीसाठी खुर्ची टाकली. मी ट्रान्समीटर हातात घेतला आणि गाडी सोडली. पहिली वीस-पंचवीस पावलं अशी गेली ताई, की डॉक्टर लहान पोरासारखे टाळ्या पिटायला लागले. आणि मग गाडीनं माझं ऐकणं बंद केलं. चाकं एका बाजूला पूर्ण वळली, वेग होता तसाच राहिला, मी दांड्या मोडेपर्यंत ओढतो आहे आणि गाडी वळसा घेऊन सरळ म्हातारीच्या खुर्चीवर. तिनं पाय वर घेतले म्हणून वाचली. खुर्चीच्या लोखंडी पायावर गाडी आपटली. बॉडी नाकापासून काचेपर्यंत तडकली, पुढचं चाक अंगणाच्या दुसऱ्या टोकाला.

डॉक्टरांनी ते चाक उचलून माझ्या हातात दिलं आणि आईला उठवलं. मालकांनी त्यांना दारापर्यंत सोडलं, परत आले आणि मला म्हणाले की मार्चच्या पहिल्या रविवारी डॉक्टर पुन्हा येतील. तोवर गाडी याच रेडिओवर नीट चालली तर ठीक, नाही तर माझं टेबल रिकामं करून ठेवायचं.

तुला कळतंय का ताई? आजवर जिथे गेलो तिथे पहिला प्रश्न, कितवी पास. इथे कोणी विचारलं नाही. हातात स्क्रूड्रायव्हर दिला आणि बघत उभे राहिले. असं टेबल मला परत कुठे मिळणार नाही.

तू लहानपणी कधी कान दिला नाहीस, म्हणून परत सांगतो. ट्रान्समीटरमध्ये एक क्रिस्टल असतो, नखाएवढा, आणि रिसीव्हरमध्ये एक. दोघं एकाच चॅनलचे असले तरच या डब्याचं त्या डबीला ऐकू येतं. अप्पांच्या कपाटातल्या सगळ्या जोड्या दोऱ्यानं बांधलेल्या असायच्या. त्या कोणी सोडल्या, ते मला माहीत आहे. आमच्या लेबलराव भावोजींशिवाय आहे कोण? गोदामात काम करतात म्हणून सगळ्या जगाचं गोदाम करायचं. मिठाच्या बरणीवर मीठ आणि तिच्या झाकणावर झाकण अशी चिठ्ठी लावणारा माणूस! मोठे डबे एका खणात, छोटे एका खणात, क्रिस्टल डबीत, असं छान लावून ठेवलं असेल. त्यांना सांग, त्यांनी कपाट नाही आवरलं, माझं पोट आवरलं.

खरी जोडी कुठे आहे ते शोध आणि लगेच पाठव. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायची सध्या घाई नाही.

तुझा,
धाकटा


ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. आशीर्वाद हात सवयीनं लिहून गेला. थोडा थांबला असता तर लिहिला नसता.

तुझं पत्र मी दवाखान्यातून आल्यावर वाचलं. दिवसभर नावं नोंदवायच्या खिडकीत बसून लोकांची बोलणी खाते, घरी आले तर पाकिटातून भावाची बोलणी. आणि बोलणी कोणाला, तर ज्या माणसानं सुट्टी टाकून तुझं पार्सल पोस्टात नेलं त्याला! काचसामान आहे, उलटं ठेवू नका, असं चारही बाजूंनी लिहून दिलं त्यांनी. हो, लेबलं लावली! म्हणून तर धड पोचलं. तुझं पत्र त्यांनी वाचलं आणि झाकणावरची चिठ्ठी काढून टाकली. मला इतका राग आला तुझा की मी परत लिहून लावली.

नीट ऐक. त्या कपाटाला यांचा हात लागलेला नाही. माझाही नाही. किल्ली अप्पांच्या कमरेला असते, ते आंघोळीला गेले तरी बरोबर नेतात. तुझं मागणं मी त्यांना वाचून दाखवलं. ते उठले, कपाट उघडलं, ट्रान्समीटर आणि रिसीव्हर काढून बाकावर ठेवले आणि मला म्हणाले की दुकानाचं दार ओढून घे. तासभर आत होते. बाहेर आले तेव्हा दोन्ही वस्तू जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या होत्या आणि रिसीव्हरवर, सेट तपासून झाला की लावतात ती त्यांची कागदी पट्टी चिकटवलेली, वर सही. माझ्याकडे फक्त दोरा मागितला.

आता मला हे सांग, की तू अप्पांना का नाही लिहिलंस? वस्तू त्यांची, कपाट त्यांचं, कला त्यांची, आणि पत्र मला. तू गेल्याला दोन वर्षं झाली. मी काय तुमच्या दोघांच्या मधलं पोस्ट ऑफिस आहे? तू मला लिहितोस ते मी त्यांना वाचून दाखवावं म्हणून, आणि ते माझ्यासमोर बसून ऐकतात ते जणू शेजाऱ्याचं पत्र चुकून आलंय अशा तोंडानं. एकाला तोंड आहे आणि कान नाही, दुसऱ्याचं उलटं. कंटाळा आलाय मला तुम्हा दोघांचा.

हे पत्रही मोठ्यानं वाचलं. खुर्चीपर्यंत आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला. म्हातारीला लागलं का विचारलं. नाही म्हटलं. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि एवढंच विचारलं, की आधी चाळीस पावलं चालला होता का? मला त्यातलं काही कळलं नाही. तुला कळत असेल तर कळव, नाही तर तुमच्या दोघांतच ठेवा.

त्या दिवसापासून जेवणात लक्ष नाही त्यांचं. दुकान उघडतात आणि रिकाम्या बाकाकडे बघत बसतात. तू टेबलाचं लिहिलंस ते मी दोनदा वाचून दाखवलं, मुद्दाम.

यांची माफी मागितल्याशिवाय पुढचं पत्र टाकू नकोस. तसं आलं तर परत पाठवीन, पोस्टाचा शिक्का मीच मारीन. माया होती तेवढीच आहे, पण ती आत्ता कुलपात ठेवली आहे.

तुझी,
ताई


ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आधी भावोजींना सांग की मी गाढव आहे. अगदी याच शब्दांत सांग, वर एक लेबलही लावू देत. त्यांची काही चूक नव्हती. मी पत्र टाकून मोकळा झालो आणि तुझ्या घरात भांडण लावलं. पुढच्या वेळी येईन तेव्हा त्यांचं अख्खं माळ्यावरचं सामान आवरून देईन, ते सांगतील त्या क्रमानं.

आता दुसरं. तुझं पत्र वाचलं आणि मी सरळ टेबलाशी गेलो. रिसीव्हर काढला. त्याच्यावरची अप्पांची पट्टी तशीच होती. मी ती फोडलीच नव्हती ताई. इथे सगळे म्हणाले होते की एकदा आत बघून घे. मी म्हणालो, की आमच्या अप्पांची सही आहे, तिच्या आत बघायची गरज नसते. त्यांच्या सहीवर मी गाडी सोडली.

आज ब्लेडनं ती पट्टी कापली. आत क्रिस्टल व्यवस्थित बसवलेला होता, ट्रान्समीटरच्या शेजारच्या चॅनलचा. शेजारच्या! लांबचा असता तर टेबलावरच काही हललं नसतं आणि मला लगेच कळलं असतं. शेजारचा असला की जवळून सगळं चालतं, लांब गेलं की तुटतं. हे चुकून होत नाही. हे ज्याला येतं त्यालाच जमतं. आणि क्रिस्टलच्या खाली घडी केलेला एक कागद, बसच्या तिकिटाएवढा. अप्पांच्या अक्षरात. त्यावर लिहिलंय, सापडलं ना, बरोबर क्रिस्टल माझ्याकडे आहे, मला पत्र लिही, पाठवतो.

मी तो कागद चुरगाळला. मग परत सरळ केला, कारण तुला पुरावा लागेल. सोबत पाठवला आहे.

म्हणजे त्यांनी मुद्दाम केलं. एका परक्या बाईचे पाय मोडले असते, माझं टेबल जायची वेळ आली, कशासाठी, तर मी पत्र लिहावं म्हणून! लाच द्यायची होती तर चांगल्या मार्गानं द्यायची. मला आजवर कोणी असं फसवलं नाही. ज्यांनी फसवलं त्यांच्या सहीवर मी विश्वास ठेवला नव्हता.

आणि हो, चाळीस पावलं. त्याचं उत्तर देतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. अप्पांची पद्धत होती. कुठलाही सेट दुरुस्त झाला की अँटेना पूर्ण मिटवायची, मी गाडी हातात धरून दुकानाच्या पायरीवर उभं राहायचं, ते ट्रान्समीटर घेऊन गल्लीतून चाळीस पावलं चालत जायचे आणि तिथून चाकं हलवायचे. चाकांनी ऐकलं तर सेट गिऱ्हाइकाला, नाही तर परत बाकावर. एवढंच. दोन मिनिटांचं काम.

नाही चाललो मी. लिहून घे. रविवारी डॉक्टर येणार म्हणून शनिवारी पंखाला पॉलिश करत बसलो. चाललो असतो तर पंचविसाव्या पावलाला कळलं असतं. हे मला कळतं, आणि ते कळतं म्हणूनच जास्त चीड येते.

तू विचारतेस मी त्यांना का लिहीत नाही. एका शिंप्याच्या रेडिओमुळे. तुला सांगितलं नाही कधी. अप्पा दोन दिवस लग्नाला गेले होते, तेव्हा तो रेडिओ मी एकट्यानं उघडला, दोष शोधला, नीट केला. गाणं असं स्वच्छ लागलं की समोरच्या दुकानातला माणूस बघायला आला. शिंपी न्यायला आला तेव्हा अप्पा परत आलेले. मी म्हणालो झालाय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शिंप्यासमोर मागचं झाकण उघडलं, डाग द्यायची इस्त्री गरम केली आणि मी जोडलेले तारांचे तीन सांधे परत सोल्डर केले. शिंपी म्हणाला, बरं केलंत, पोराच्या हातचं म्हणजे जरा भीतीच. अप्पा हसले. मी त्या आठवड्यात निघालो.

दहावीत नापास झालो ते मला इतकं लागलं नव्हतं. शाळेतलं मला येतच नव्हतं. हे मला येत होतं.

हे त्यांना वाचून दाखव किंवा नको दाखवू, तुझं तू ठरव. मी त्यांना लिहिणार नाही. क्रिस्टल मी दुसरीकडून शोधीन, नाही मिळाला तर टेबल रिकामं करीन. सोमवारी मालकांना सांगणार आहे की मी लांबून तपासलं नाही, चूक माझी आहे. अप्पांचं नाव काढणार नाही. त्यांच्यासाठी नाही, मला लाज वाटते म्हणून.

तुझ्या कुलपातली थोडी माया भावोजींकडे पाठव, माझ्या वतीनं.

तुझा,
धाकटा


ता. २१ फेब्रुवारी

चि. यास,

अ. आ. पत्र मोठं लिहायची सवय नाही. लिहिलं आहे तेवढं वाच.

ताईनं सगळं वाचून दाखवलं. शिंप्याचं वाचताना ती थांबली. मी म्हणालो, पूर्ण वाच.

क्रिस्टल मी बदलला. ताईचा, जावयांचा संबंध नाही. तुझी मागणी आली तेव्हा मला राग आला होता. दोन वर्षांत एक ओळ नाही. ताईच्या पत्राच्या शेवटी अप्पांना नमस्कार, तोही एक पत्र सोडून एक. आणि मागायची वेळ आली तेव्हाही ताईकडे मागणी, जणू ते कपाट तिनं लावलं होतं. मी जिवंत आहे. दुकानात रोज बसतो. मला विचारायला काय झालं होतं?

माझा हिशेब सोपा होता. हा चाळीस पावलं चालेल. पंचविसाव्याला चाकं ऐकेनाशी होतील. पट्टी फोडेल, क्रिस्टल पाहील, कागद वाचेल, आणि शिव्या घालत का होईना मला लिहील. शिव्या चालल्या असत्या. तू चालणार नाहीस हे माझ्या डोक्यात आलं नाही. आठ वर्षांचा होतास तेव्हापासून पायरीवर गाडी धरून उभा राहायचास. आणि माझी पट्टी फोडायला तुझा हात धजणार नाही, हे तर अजिबात आलं नाही.

त्या बाईंना लागलं असतं तर मी काय केलं असतं, हा विचार मी रोज करतो आहे. गंमत म्हणून यंत्रात चुकीची वस्तू घालणारा मेकॅनिक मी दुकानात उभा केला नसता. चूक माझी आहे. न चालण्याची तुझी आहे. एकीमुळे दुसरी माफ होत नाही.

शिंप्याच्या रेडिओचं सांगतो. तीन सांधे परत केले हे खरं. त्यातला एक कच्चा होता, आजही तेच म्हणेन, महिन्याभरात सुटला असता. बाकीचे दोन पक्के होते. इस्त्री गरम होती, हात थांबला नाही. दोष तू शोधलास तो मला सापडायला वेळ लागला असता. हे त्या माणसासमोर म्हणायचं होतं. जीभ वळली नाही. मग तू गेलास आणि म्हणायला कोणी उरलं नाही. हसलो हे मला आठवत नाही. पण तू म्हणतोस तर हसलो असेन.

बरोबर क्रिस्टल वेगळ्या पाकिटात, डबीला पट्टी लावून, रजिस्टरनं पाठवला आहे. या वेळी आत कागद नाही. तरी पट्टी फोडून बघ, आणि चाल.

तुझ्या मालकांनाही मी पत्र लिहिलं आहे. सगळं सांगितलं आहे, की क्रिस्टल मी बदलला आणि का बदलला. तुझ्या टेबलाला धक्का लागू नये.

रागावला आहेस तर राहा. मीही आहे. जेवत जा.

अप्पा


ता. ६ मार्च

ती. अप्पांस,

शि. सा. न. वि. वि. तुम्हाला लिहीत नाही असं ताईला लिहिलं होतं. लिहितो आहे, कारण इतका राग दुसऱ्या कोणाच्या पत्त्यावर पाठवता येत नाही.

मालकांना का लिहिलंत?

मी सोमवारी त्यांना सांगून मोकळा झालो होतो, की मी लांबून तपासलं नाही, चूक माझी. ते हूं म्हणाले होते. बस. माझं मी निस्तरत होतो. आणि गुरुवारी तुमचं पत्र आलं. मालकांनी ते सगळ्यांच्या मधोमध उभं राहून वाचलं, मोठ्यानं. पोरगा पत्र लिहीत नाही म्हणून बापानं चुकीचा क्रिस्टल घातला, इथपासून सगळं. शेजारच्या टेबलावरचा रंगारी हसून हसून खाली बसला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अप्पा, तुम्ही परत तेच केलंत. माझं काम मी केलं होतं, आणि तुम्ही ते चार माणसांसमोर उघडून परत सोल्डर केलंत.

मालकांनी वर आणखी काय केलं ते ऐका. इथे प्रत्येक गाडीची एक वही असते. कुठला भाग कुठून आला, कोणी बदलला, केव्हा बदलला, सगळं त्यात. गाडीबरोबर ती वही ज्याची गाडी त्याच्याकडे जाते, त्याच्या पोरांकडे जाते. तुमचं पत्र त्यांनी डॉक्टरांच्या गाडीच्या वहीत चिकटवलं. रेडिओचा इतिहास म्हणून. मी भांडलो. ते म्हणाले की असा खरा कागद त्यांच्या एकाही वहीत नाही आणि तो निघणार नाही. त्याच्या खाली मला माझ्या हातानं लिहायला लावलं, की मी तपासलं नव्हतं. खाली सही. म्हणजे आता आपण दोघं त्या वहीत आहोत, कायमचे, वर-खाली.

क्रिस्टल मिळाला. पट्टी फोडली. कागद नव्हता. मला वाटलं होतं असेल.

बॉडीचा तडा आतून पातळ कापड आणि गोंद लावून धरला, वरून परत सात हात दिले. उन्हात बॉडी तिरकी धरली तर अजून दिसतो. काल डॉक्टर आले, आई बरोबर होत्याच. या वेळी आईंनी खुर्ची स्वतःच उचलून भिंतीला लावून घेतली. मी अँटेना मिटवली, गाडी मालकांच्या हातात दिली आणि चाललो. चाळीस पावलं कोणाची धरायची हे मला चालायला लागल्यावर सुचलं. मी तुमची धरली. तुमचं पाऊल लांब पडतं, लहानपणी पायरीवरून मोजताना मी बघत असे. चाळिसाव्याला वळलो आणि दांडी हलवली. मालकांनी मान हलवली. मी पुढे चाललो. बावन्नाव्या पावलाला फाटक आलं म्हणून थांबलो. तिथेही ऐकत होती.

ट्रान्समीटर डॉक्टरांना दिला. अर्धा तास त्यांनी तो खाली ठेवला नाही. मग म्हणाले की आत उघडून एकदा बघता येईल का, हा रेडिओ इतकी वर्षं कोणी जपला ते बघायचं आहे. मी म्हणालो की आमच्या वडिलांनी, आणि दाखवतो. स्क्रू काढले, सगळं दाखवलं. तडा पण दाखवला. म्हातारीबाई म्हणाल्या की गाडी आदळली नसती तर त्यांना ती नवीनच वाटली असती. हे कौतुक होतं की काय मला अजून कळलेलं नाही.

टेबल माझंच आहे. मालकांनी तसं सांगितलं नाही. आज सकाळी येऊन बघतो तर टेबलावर एक मोठं खोकं ठेवलेलं, आत आठ ट्रान्समीटर आणि अकरा रिसीव्हर, सगळे एकमेकांपासून सुटलेले. वर्षानुवर्षं कोणी जोड्या लावल्या नव्हत्या. म्हणाले, लाव.

संध्याकाळपर्यंत चार लागल्या. पाचवीपाशी अडलो आहे. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच सालचे, क्रिस्टल बरोबर, वायरींचा क्रम बरोबर, लांबून ऐकतं. पण दांडी सोडली की चाकं जागच्या जागी थरथरतात, मध्यावर स्थिर राहत नाहीत. बॅटरी बदलली. सर्व्हो बदलला, म्हणजे चाकं वळवणारी ती छोटी मोटर, दुसरी लावून पाहिली, तीही थरथरते. दांडीखालचा भाग साफ केला. मालकांना विचारलं, त्यांना येत नाही. मला येत नाही. तुमच्याकडे असा एक सेट आला होता आणि तुम्ही तो दहा मिनिटांत नीट केला होता एवढं आठवतं, पण मी तेव्हा पायरीवर होतो, आत काय केलंत ते दिसलं नव्हतं.

काय केलं होतंत ते लिहा. सविस्तर लिहा, तुमच्यासारखं चार ओळींत नको. चित्र काढता आलं तर काढा. ताईला मध्ये घालू नका, ती आता खरंच परत पाठवील.

राग आहे. तो उत्तर आल्यानं जाईल असं समजू नका. लोभ आहे की नाही ते मी लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका, आपल्याला ते जमत नाही. पाकिटावर नाव मात्र माझं घाला, मालकांचं नको.

तुमचा,
धाकटा